घोड्यांतील पोटशूळ

पोटातील अवयवांच्या, बहुधा आतड्यांच्या, बिघाडामुळे घोड्याला होणारी वेदना. पोटशूळ हा एक रोग नव्हे; अनेक बिघाडांचे ते बाहेर दिसणारे रूप आहे. वायूने धरलेले पोट आणि पीळ पडलेले आतडे सुरुवातीला सारखेच दिसू शकतात, आणि खरी अडचण तीच आहे.

घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तुंबलेले जठर फुटूही शकते. लहान आतडे २० मीटरांच्या आसपास लांब आणि पातळ पडद्याला सैल लोंबलेले असते, म्हणून त्याला पीळ पडतो. मोठे आतडे घड्या घालून बसलेले असते. डाव्या बाजूला ओटीपोटाजवळ त्याला उलटे वळण आहे. तिथे नळी एकदम अरुंद होते आणि कोरडा चारा तुंबला की बहुधा तिथेच तुंबतो.

आतड्याच्या आचक्यांनी किंवा वायूने उठलेला शूळ बहुतेक वेळा उपचाराने लवकर शमतो. चारा तुंबल्याचा शूळ मंद, पण दिवसचे दिवस रेंगाळणारा. वाळूवर चारा टाकल्यास पोटात वाळू साचते. लीद पाण्यात कालवून ठेवली की वाळू तळाशी बसते. जंत हेही जुने कारण आहे. म्हाताऱ्या घोड्यांत चरबीची गाठ देठासकट लहान आतड्याभोवती आवळली जाते. अशा वेळी किंवा पीळ पडल्यास रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जनावर हाती लागत नाही.

घोडा चंदी (दाण्याचा खुराक) टाकतो, कुशीकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ मुडपतो, मूत्रासाठी ताणल्यासारखा उभा राहतो, सारखा उठतो-बसतो. लोळणे मात्र नीट पारखावे. मजेने लोळलेला घोडा उठल्यावर अंग झाडतो. दुखण्याने लोळणारा बहुधा न झाडताच पुन्हा खाली बसतो. जोरात लोळणारा घोडा एकाएकी शांत झाला की मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) हायसे वाटते, पण त्याच वेळी नाडी चढती आणि अंगावर थंड घाम असेल, तर आतडे निकामी झाले असण्याची शक्यता धरावी.

पशुवैद्याला बोलावल्यावर पहिले काम नाडी मोजण्याचे. खालच्या जबड्याच्या कडेवर, आतल्या बाजूने दोन बोटे सरकवली की दोरीसारखी रोहिणी (धमनी) लागते. अंगठा वापरू नये, त्यात स्वतःचीच नाडी जाणवते. विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ ठोके ठीक. ६० च्या वर टिकून राहिले तर प्रकरण गंभीर. हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग २ सेकंदांत परतावा. जांभळट हिरडी वाईट. तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असावे. दोन्ही कुशींना कान लावावा: गुरगुर अजिबात नसणे हे फार गुरगुरण्यापेक्षा चिंतेचे. शेवटची लीद केव्हा व कशी पडली, हेही सांगता आले पाहिजे.

चारा व चंदी काढून घ्यावी. १०–१५ मिनिटे सावकाश फिरवणे चांगले. तासन्‌तास फिरवून दमवणे हा निव्वळ अडाणीपणा. नळ्याने तोंडातून तेल किंवा काढा ओतू नये, तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. तेल द्यायचेच तर पशुवैद्य नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतो. त्याच नळीने तुंबलेले जठर रिकामेही करता येते. वेदनाशामक आपल्या मनाने टोचले तर दुखणे झाकले जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

प्रतिबंधाचा बहुतेक भाग चाऱ्या-पाण्याचाच आहे. ५०० किलोच्या घोड्याला रोज किमान ७.५ किलो सुका चारा लागतो. चंदी एका वेळी २ किलोंच्या वर नको, आणि कोणताही बदल ७ ते १४ दिवसांत थोडाथोडा करावा. पाणी हवामान व कामानुसार २५ ते ५० लिटर. थंडीत गार पाण्याला घोडा तोंड लावत नाही आणि सुका चारा आतड्यात अडकतो. त्या दिवसांत पाणी कोमट करून ठेवावे.