हाफ लॅप सांधा

दोन लाकडी पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तिथे दोघींचीही निम्मी जाडी काढून एकीचा उरलेला भाग दुसरीच्या खाचेत बसवतात. या जोडाला हाफ लॅप सांधा म्हणतात. जोडावरची जाडी एका पट्टीइतकीच राहते, त्यामुळे समोरून चौकट सपाट दिसते. आयटीआयच्या सुतारकामात हाच सांधा ‘हाविंग जॉइंट’ म्हणून शिकवतात. घरी कपाटाची चौकट करायला घेणाऱ्याने पहिला खरा सांधा म्हणून हाच निवडावा. कुसू (टोकाला कोरलेली जीभ) आणि भोकाचा सांधा जास्त पक्का असतो, पण त्यात चूक भोकाच्या आत दडते. इथे सगळे काम डोळ्यांसमोर चालते.

ताकद येते ती डिंकाच्या क्षेत्रफळातून. ५० मिमी रुंद आणि २० मिमी जाड पट्टीचे टोक दुसरीच्या कडेला नुसते टेकवले, तर डिंकाला १००० चौ. मिमी जागा मिळते. तीही तंतूंच्या कापलेल्या टोकांची, जी डिंक पिऊन टाकतात. त्याच पट्ट्यांच्या कोपऱ्यावरच्या हाफ लॅपमध्ये ५० × ५० म्हणजे २५०० चौ. मिमी पृष्ठभाग मिळतो आणि दोन्ही बाजूंना तंतू आडवे पसरलेले असतात. शिवाय खाचेचे खांदे, म्हणजे तिच्या उभ्या कडा, चौकटीला तिरकी होऊ देत नाहीत.

मापाचा हिशेबही सोपा होतो. बाहेरून ९०० × ६०० मिमीची चौकट हवी असेल, तर उभ्या पट्ट्या ९०० च्या आणि आडव्या ६०० च्या, सगळ्या पूर्ण लांबीच्या. वजाबाकी नाही. टोकाला मिलिमीटरभर जास्त ठेवावे आणि डिंक सुकल्यावर रंध्याने काढून टाकावे.

‘अर्धी जाडी’ या शब्दांनी नवशिक्या हमखास फसतो. तो पट्टी मोजतो, २० चे १० करतो आणि प्रत्येक तुकड्यावर सोयीच्या बाजूने रेघ मारतो. वास्तविक अर्धे अचूक मोजण्याची गरजच नसते. प्रत्येक पट्टीची चांगली बाजू आधी ठरवावी, तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि मार्किंग गेज (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारे हत्यार) सगळ्या तुकड्यांवर त्याच बाजूला टेकवून चालवावे. समजा, गेज चुकून ९.५ मिमीवर लागले आहे. आडव्या पट्टीची मागची बाजू रेघेपर्यंत काढली की पुढे ९.५ मिमी उरते. उभ्या पट्टीची पुढची बाजू रेघेपर्यंत काढली की खाच ९.५ मिमी खोल होते. दोन्ही चपखल बसतात. तेच गेज एका तुकड्यावर मागून टेकवले, तर खाच १०.५ मिमी होते आणि समोर १ मिमीची पायरी पडते. अर्ध्या मिलिमीटरची चूक दुप्पट होते. हे एकदा हाताला कळले की सांधा अवघड वाटत नाही. अर्थात सगळ्या पट्ट्या आधी एकसारख्या जाडीच्या रंधून घेतलेल्या हव्यात, नाहीतर तो फरक मागच्या बाजूला दिसतो.

खाचेची रुंदीही फुटपट्टीने मोजू नये. जी पट्टी बसायची तीच वर ठेवावी, गुण्याने काटकोन पाहावा आणि धारदार सुरीने कड आखावी. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. सुरीच्या चिरेत मात्र पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

करवत रेघेवर नव्हे, टाकाऊ भागाच्या बाजूने चालवावी. खांद्याचा काप गेजच्या रेघेपाशी थांबला पाहिजे; खाली गेला तर पट्टी नेमकी तिथेच कमकुवत होते. मधल्या खाचेत टाकाऊ भागावर पाच-सहा मिमी अंतराने आणखी काप घेतले की पटाशीच्या हलक्या ठोक्याने ढलप्या उडतात. पटाशी एका कडेकडून मध्यापर्यंतच न्यावी, मग दुसऱ्या कडेकडून यावे. आरपार ढकलली तर पलीकडची कड फुटते. मध्ये बारीकसा उंचवटा राहतो, तो शेवटी पटाशी आडवी धरून पातळ पातळ काढावा. गुण्याची कड तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले की कुठे फुगवटा आहे ते लगेच दिसते. राउटरने (फिरत्या पात्याच्या विजेच्या यंत्राने) हेच काम झटपट होते, पण खोली आधी टाकाऊ तुकड्यांच्या जोडीवर तपासून घ्यावी.

सांधा हाताच्या दाबाने बसावा. मोगरीचे जोरदार ठोके लागत असतील तर खांदा किंचित तासावा. पूर्वी सुतार डिंक म्हणून सरस वापरत. तो गरम पाण्यावर ठेवून पातळ करावा लागे. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आल्यावर ही खटपट हळूहळू मागे पडली. दोन्ही पृष्ठभागांना डिंक लावून क्लॅम्पने दाबतात आणि लगेच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे असतील तर चौकट गुण्यात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून ती सरळ करायला मोजकीच मिनिटे हातात असतात. नंतर चोवीस तास तिला हात लावू नये.

या सांध्यात दोन पट्ट्यांना समोरासमोर खेचून वेगळे होण्यापासून अडवतो तो फक्त डिंक. म्हणून कपाटाच्या दाराच्या चौकटीत, जिथे बिजागरी ओढते, तिथे मागून स्क्रू किंवा लाकडी खुंटी द्यावी. रुंद पट्ट्यांना हा सांधा मानवत नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, आणि इथे दोन पट्ट्यांचे तंतू काटकोनात चिकटलेले असतात. ७५ मिमीपेक्षा रुंद पट्टीत ही ओढाताण डिंकाला सोसत नाही. सागवान कमी हलते, पण हलतेच.

कोपऱ्यावरचा, टी आकाराचा आणि फुलीचा असे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. टी आकारात टोकाला पारव्याच्या शेपटीसारखा उतार दिला की पट्टी बाहेर सरकत नाही. जपानमधल्या शोजी या कागदी दारांच्या बारीक जाळ्या फुलीच्या सांध्यांनीच विणलेल्या असतात. प्लायवुडच्या पट्ट्यांतही हाफ लॅप कापता येतो, पण १८ मिमीच्या पट्टीत खाचेखाली ९ मिमीच उरतात आणि त्यातलेही काही थर आडवे असतात. निम्म्या जाडीत वाकण्याला होणारा विरोध आठव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे डिंक लागेपर्यंत असा तुकडा उचलताना तो खाचेपाशी मोडू शकतो.