दुरावा, तुटकपणा आणि ‘भावनिक अलिप्तता’ : पार्श्वभूमी

सोलापुरात घरगुती समुपदेशनासाठी मराठी प्रश्नावली करायला बसले की एका शब्दावर गाडी अडते. इंग्रजी मसुद्यात ‘डिटॅचमेंट’ असते आणि मराठीत ‘भावनिक अलिप्तता’ लिहून पुढचा प्रश्न घेतला जातो. घरात मात्र ‘नवरा अलिप्त झालाय’ असे कोणी म्हणत नाही. ‘तुटक वागतो’, ‘तोडून बोलतो’, ‘लांब लांब राहायलाय’ असे म्हणतात. दोघांविषयी बोलायचे तर ‘त्यांच्यात दुरावा आलाय’.

‘अलिप्त’ हा मुळात कौतुकाचा शब्द. ‘लिप्’ म्हणजे माखणे. जे माखले गेले नाही ते अलिप्त. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्याने न लिंपणारे कमळाचे पान येते. १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने गीता मराठीत आणली आणि पुढे हे पान कीर्तनातून घरोघर गेले. संसारात राहून अलिप्त असणे ही कमाई मानली गेली. माया आटली, असा अर्थ त्यात नाही. अंग काढून घेणाऱ्यासाठी मराठीत ‘नामानिराळा’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो उघड नापसंतीचा आहे.

यावर दुसरा थर चढला तो परराष्ट्र धोरणाचा. शीतयुद्धात कोणत्याही महासत्तेच्या लष्करी गटात न गेलेल्या राष्ट्रांची पहिली शिखर परिषद १९६१ मध्ये बेलग्रेडला भरली. हिंदीने ‘गुटनिरपेक्ष’ हा गटाशी बांधलेला, मोजका शब्द उचलला. मराठीत ‘अलिप्त राष्ट्रे’ आणि ‘अलिप्ततावाद’ रूढ झाले. ही निवड चुकीची होती. ही राष्ट्रे वसाहतवादावर आणि वर्णद्वेषावर मोठ्याने बोलत होती. त्यांचा नकार फक्त लष्करी गटांत सामील होण्याला होता. ‘अलिप्त’ म्हटल्यावर मात्र ती सगळ्यातूनच बाजूला बसल्यासारखी वाटली, आणि ‘तटस्थ’ व ‘अलिप्त’ यांतली सीमारेषा पुसली गेली. १९८३ मध्ये परिषद दिल्लीत भरली, तेव्हा वृत्तपत्रांतून हा शब्द रोज समोर येत होता. त्या काळात वाढलेल्या पिढीला ‘अलिप्त’ म्हणजे ‘कोणाच्याच बाजूला नसलेला’ हाच अर्थ आधी सुचतो.

तिसरा थर मानसशास्त्राच्या परिभाषेचा. येथे तोच शब्द लक्षण म्हणून आला. मोठ्या आघातानंतरच्या विकाराच्या निकषांत इतरांपासून तुटल्यासारखे आणि परके वाटणे मोडते. त्याचा प्रश्न ‘तुम्हाला इतरांपासून अलिप्त वाटते का?’ असा विचारला, तर ‘हो, मी कुणाच्या भानगडीत पडत नाही’ असे अभिमानाचे उत्तर येऊ शकते. कागदावर लक्षणाची नोंद होते आणि लक्षण असतेच असे नाही. ही चूक उलट भाषांतरातही, म्हणजे मराठी प्रश्न पुन्हा इंग्रजीत करून मूळ मसुद्याशी ताडला तरी, सापडत नाही, कारण कोशात ‘अलिप्तता’चे इंग्रजी पुन्हा ‘डिटॅचमेंट’च मिळते. दोन्ही कागद जुळतात, तपासणी पार पडते, अर्थ तेवढा निसटतो. म्हणून तयार प्रश्नावली पाच-सहा जणांना वाचून दाखवावी आणि ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे. घोटाळा तिथेच उघडा पडतो.

‘दुरावा’ शब्दाचे व्याकरणच वेगळे आहे. तो दोघांत येतो, पडतो, वाढतो, मिटतो. ‘त्याला दुरावा आहे’ असे मराठी होत नाही. अलिप्तता एकट्याच्या खात्यावर लिहिता येते, दुराव्याला दोन माणसे लागतात. नवरा-बायकोच्या कागदपत्रांत हा फरक साधा नाही: ‘पतीची भावनिक अलिप्तता’ लिहिले की दोष एकाच्या नावावर जातो. क्रियापदातही काळजी हवी. ‘मुलगा आईला दुरावला’ म्हणजे आईने त्याला गमावले. तो मरण पावला तरी असेच म्हणतात. ‘आईपासून दुरावला’ यात मने लांब गेल्याची छटा येते. एका प्रत्ययाने नोंद फिरते.

तुटकपणा बोलण्या-वागण्यात दिसतो, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवता येते. सोलापुरात या शब्दामागचे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला आणि लगेच सांधला नाही, तर कापडभर एक रिकामी रेघ धावत जाते. गाठ जाड बसली तर ती फणीत अडकते आणि धागा पुन्हा तिथेच तुटतो.

अबोला आणि रुसवा यांना दुराव्यात मिसळू नये. अबोला धरतात आणि सोडतात; तो कधी सुरू झाला हे दोघांनाही ठाऊक असते. संक्रांतीला, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, हातावर तिळगूळ ठेवला की कित्येक घरांतला अबोला सुटतो. रुसव्यात तर ओढ शिल्लक असते, समजूत काढायला कोणी यावे ही अपेक्षा असते. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, या कथेत देव तिच्यामागे येतो. पंढरपुरात तिचे मंदिर आजही वेगळे आहे. दुराव्याला सुरुवातीची तारीख नसते, आणि समजूत काढायची तर कशाची, हेच कळत नाही.

२०२० मध्ये ‘सामाजिक अंतर’ फलकांवर चढले. जागतिक पातळीवर त्याच वर्षी मार्चमध्ये ‘शारीरिक अंतर’ म्हणणे योग्य ठरवले गेले, पण फलक तसेच राहिले. ‘अंतर ठेवून वागतो’ हा जुना वाक्प्रचार तेव्हापासून दुहेरी झाला. त्यामुळे प्रश्नात नुसते ‘अंतर’ लिहू नये.

कायद्यात दुरावा हे घटस्फोटाचे कारण नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने घटस्फोटासाठी सलग दोन वर्षांचा परित्याग, म्हणजे जोडीदाराला सोडून राहणे, हे कारण आले, आणि परस्परसंमतीसाठी एक वर्ष वेगळे राहणे. समुपदेशनाच्या टिपणात ‘दुरावा’च्या जागी ‘परित्याग’ लिहिला की न लावलेला आरोप लागतो.

सोलापुरात अनेक घरांत तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी बोलली जाते. ‘दूर’ या शब्दाचे रूप तिन्हींत ओळखीचे आहे, ‘अलिप्त’ मात्र पुस्तकी वाटतो. तिथे प्रश्न असे विचारावेत: ‘घरात असून परक्यासारखं वाटतं का?’, ‘दोघं आधीसारखं मोकळं बोलता का?’, ‘हे कधीपासून जाणवतंय?’ तिसऱ्या प्रश्नाला नेमका दिवस सांगितला गेला, तर आधी अबोला आहे का ते पाहावे.