विस्थापन-प्रतिबंध (मुंबई)

जमिनीचे भाव चढले तरी शहरात आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंना, झोपडीधारकांना आणि छोट्या व्यावसायिकांना आपली वस्ती सोडावी लागू नये, यासाठी मुंबईत कायदे, न्यायनिर्णय, शासकीय योजना आणि चळवळी यांतून उभी राहिलेली व्यवस्था. तिचे एकच कार्यालय नाही की एकच कायदा नाही. वेळोवेळी संकट आले तशी एकेक तरतूद जोडली गेली. त्यामुळे भाडे नियंत्रण, दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी पुनर्वसन आणि पथविक्रेता कायदा हे वेगवेगळे विषय म्हणून अभ्यासले जातात. राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर त्या सर्वांचा प्रश्न एकच आहे: उद्या आपण इथेच असू का? मुंबईत नोटीस मिळून उठलेल्यांपेक्षा इमारत खचल्यामुळे, संक्रमण शिबिरातील (तात्पुरत्या घरांतील) मुक्काम लांबल्यामुळे किंवा नव्या घराचा खर्च न झेपल्यामुळे उठलेल्यांचा विचार अधिक करावा लागतो.

भाडे नियंत्रण: पहिल्या महायुद्धातील घरटंचाईमुळे १९१८ साली मुंबईत भाडेवाढीवर निर्बंध आले. आजच्या व्यवस्थेचा पाया मात्र १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घातला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले गेले आणि ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येईना. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव येथे एकाच खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या त्या या संरक्षणामुळे. त्याच्याच आडोशाने पागडीची पद्धत रुजली. जागेचा ताबा घेताना नवा भाडेकरू मोठी रक्कम देई आणि ती जुना भाडेकरू व घरमालक वाटून घेत. हा व्यवहार बेकायदा असूनही सर्रास चाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने (अंमल ३१ मार्च २००० पासून) त्याला मान्यता दिली, वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. शिंपी, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्तीचे दुकान यांचे संरक्षण कायम राहिले. ही वर्गवारी उचित होती.

पागडीच्या घरात भाडेपावतीला दागिन्यासारखे जपतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलेल्या त्या पावत्यांवरची रक्कम किरकोळ असते. पण पावती आजोबांच्या नावावर राहिली की काकांच्या नावावर झाली, यावर पुढे तीनशे चौरस फुटांचे घर कोणाला मिळणार हे ठरते.

उपकरप्राप्त इमारती: गोठलेल्या भाड्यात घरमालकांनी दुरुस्त्या सोडून दिल्या. भाडेकरू सुरक्षित राहिला आणि त्याच्या डोक्यावरचे छप्पर कुजत गेले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने मुंबई शहर विभागातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळाकडे दिली. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. लोक त्यांना ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आले. १९८६ मध्ये आणखी धाडसी तरतूद झाली. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादित करून त्यांच्याकडे सोपवता येईल. घरमालकांनी तिला आव्हान दिले. त्या वादातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आणि प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असे सांगितले.

प्रत्यक्षात पुनर्विकासाची वाट बहुतांशी विकासकाच्या हातातून गेली. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(७) नुसार विकासकाने जुन्या रहिवाशांना मोफत घरे द्यायची आणि त्या बदल्यात मिळणारे वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकाम, विकायचे. रहिवाशांच्या संमतीची अट आधी सत्तर टक्के होती, नव्या नियमावलीत ती ५१ टक्क्यांवर आली. आवश्यक संमती जमली की नकार देणाऱ्यालाही जागा रिकामी करावी लागते. संरक्षणाची खरी कसोटी लागते ती इथपासून. जुनी इमारत पाडली जाते, विकासक दरमहा भाडे देतो किंवा रहिवासी प्रतीक्षानगर, मानखुर्द, कन्नमवारनगर येथील संक्रमण शिबिरात जातात. प्रकल्प रखडला, भाडे थकले, की मुलांची शाळा, कामाची जागा, ओळखीचा डॉक्टर सारे लांबच राहते. कागदोपत्री ही कुटुंबे विस्थापित नसतात. शिबिरात वीस-वीस वर्षे काढलेल्यांना हा कागद काय दिलासा देणार?

झोपडपट्ट्या आणि ‘पात्रता’: जुलै १९८१ मध्ये भर पावसाळ्यात पदपथांवरील झोपड्या हटवण्याचा निर्णय अ. र. अंतुले यांच्या सरकारने घेतला. त्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. माणूस कामाजवळ राहतो म्हणून जगतो, हे न्यायालयाने नोंदवले. झोपड्या हटवण्यास मात्र मनाई केली नाही. पर्यायी जागेचे बंधन घातले ते प्रामुख्याने १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांपुरते. तारखेचा पुरावा असलेला आणि नसलेला ही विभागणी तेव्हापासून घट्ट झाली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, पुढे १ जानेवारी २००० आली. एकाच गल्लीत एक घर पात्र आणि शेजारचे अपात्र ठरते. अपात्र ठरलेला तिथून निघून दुसऱ्या वस्तीत जातो आणि त्याची मोजदाद कुठेच होत नाही.

गिरणगाव: १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी व्हायची होती: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वाटा त्यामुळे फार आक्रसला. विस्थापन रोखण्याची एवढी मोठी संधी मुंबईला पुन्हा मिळालेली नाही. कामगारांच्या घरांसाठी नंतर सोडती निघाल्या. काही घरे पनवेलजवळ कोन येथे देण्यात आली. शेलू आणि वांगणीच्या प्रस्तावाला कामगार संघटनांनी विरोध केला, तो ही घरे मुंबईबाहेर होती म्हणून.

गिरणीबरोबर खानावळीही गेल्या. दहा बाय बाराच्या खोलीत चूल पेटवून पाळीनुसार वीस-पंचवीस कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांचे घर आणि धंदा एकच होते. त्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुनर्विकासाच्या कोष्टकात मात्र अशी खोली ‘निवासी’ म्हणूनच लागते.

छोटे व्यवसाय: उपकरप्राप्त इमारतीतील गाळेधारकाला जुन्या गाळ्याएवढी जागा मिळते. पण दुकान रस्त्याला लागून राहील का, बांधकामाच्या काळात गिऱ्हाईक टिकेल का, हे क्षेत्रफळात मोजता येत नाही. भेंडी बाजारात २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांत सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचे त्याच ठिकाणी पुनर्वसन हाती घेतले. नफा हे उद्दिष्ट नसल्याने दुकानदारांचा विचार पहिल्यापासून आराखड्यात आला. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे तो सांगतो. मुंबईत नगर पथविक्रेता समितीवरील फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींच्या निवडणुकीला २०२४ उजाडले.

अलीकडचे प्रकल्प: १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी ५०० चौरस फुटांची घरे त्याच जागी देण्याचे काम म्हाडा स्वतः करते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. जमीन सरकारी असल्याने हे जमले. उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च येतो आणि पुनर्वसनाच्या घरांत तो पुढेही रहिवाशांना पेलावा लागतो.

धारावीच्या प्रकल्पात १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. वरच्या मजल्यांवरील आणि नंतर आलेल्यांची सोय धारावीबाहेर होणार आहे. तिथल्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. पुढे चाक, मागे घर, मधल्या अंगणात सामाईक भट्टी आणि उन्हात ओळीने मांडलेल्या पणत्या. माती उतरवायला, भांडी वाळवायला आणि भट्टी लावायला त्यांना जमीनच लागते.