वळण नसलेली अक्षरं

गणिताची चौकटींची वही घ्या आणि अख्ख्या चौकटी काळ्या करत ‘ळ’ काढून बघा. ‘प’ किंवा ‘म’ कसाबसा जमतो, कारण त्यांचा सांगाडाच शिरोरेघ आणि काना यांचा. ‘ळ’ची वेटोळी मात्र पायऱ्यापायऱ्यांची होतात.

नेमकी हीच अडचण १९६५च्या सुमारास छपाईच्या धंद्यात आली. जर्मनीत रुडॉल्फ हेल यांच्या कंपनीने ‘डिजिसेट’ हे जुळणीयंत्र आणलं. त्यात शिशाचे खिळे नव्हते. अक्षर ठिपक्यांच्या रूपात साठवायचं, टीव्हीसारख्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनच्या झोताने उमटवायचं आणि फिल्मवर घ्यायचं. ठिपके मोजकेच, त्यामुळे ‘गारामों’ या रोमन टाइपसारख्या नाजूक वळणाच्या अक्षराची पार दशा होई.

रेघ बरोबर ४५ अंशांत असली तर दर ओळीला एक पायरी पडते, सगळ्या सारख्या. डोळा ते चालवून घेतो. गोलाईत एक पायरी तीन ठिपक्यांची, पुढची दोनची, मग एकची. हा विस्कळीतपणा खुपतो. शिवाय अक्षराचं माप बदललं की पायऱ्याही बदलतात, म्हणजे एकाच ‘ओ’ची दर मापाला निराळी तऱ्हा.

डच संकल्पनकार विम क्राउवेल यांनी १९६७मध्ये अक्षरच यंत्राच्या मापाने शिवलं. त्यांच्या ‘न्यू अल्फाबेट’ या टाइपमधली बहुतेक अक्षरं ५ बाय ९ चौकटींच्या जाळीत बसतात. रेघा फक्त आडव्या-उभ्या, कोपरे ४५ अंशांत छाटलेले. ‘एम’चा मधला पाय ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा ‘एन’खाली आडवी रेघ मारली आणि झाला ‘एम’! ‘डब्ल्यू’लाही खाली तशीच रेघ. हिशेब चोख, वाचणाऱ्याचं काय ते तो बघेल. त्याच वर्षी गेरार्ड उंगर या तरुण डच संकल्पनकाराने वाचकाची बाजू घेऊन प्रतिप्रस्ताव छापला. माझं मत उंगरच्या पारड्यात, पण नजर सारखी क्राउवेलकडे जाते.

वाचताना आपण अक्षरांमधले फरक टिपत असतो: कुणाची शेपटी खाली, कुणाचं पोट गोल. सगळ्यांना एकाच पेटीत कोंबलं की हे फरक पुसले जातात. पानभर मजकूर अशा कोनदार अक्षरांत लावला तर दुसऱ्या परिच्छेदाला डोळे चोळावे लागतील. पोस्टरवरच्या दोन शब्दांना मात्र ती शोभतात, कारण तिथे माणूस थबकायलाच हवा असतो. जर्सीवरचे आकडेही कोनदार चालतात. चिन्हं दहाच, आणि कापडातून सरळ कापायला सोपी.

न्यू अल्फाबेट वापरासाठी नव्हतंच, तो एक प्रयोग होता, असं क्राउवेल सांगत. तरी १९८८मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या ‘सबस्टन्स’ या अल्बमच्या वेष्टनावर ते झळकलं. पीटर सॅव्हिल आणि ब्रेट विकेन्स यांनी नाव वाचता यावं म्हणून काही चिन्हं बदलून टाकली. त्यामुळे क्राउवेलच्या मूळ तक्त्याप्रमाणे वाचलं, तर त्या अल्बमचं नाव चक्क चुकीचं लिहिलेलं आहे.