खासगी विमान कंपन्या आणि वैमानिकांच्या संघटना: वाद इथवर कसा आला

भारतातल्या खासगी विमान कंपनीत वैमानिकांनी संघटनेचं नाव काढलं की व्यवस्थापनाचा वकील पहिला मुद्दा ठरलेला काढतो: महिन्याला लाखांत पगार घेणारा कॅप्टन कायद्याने कामगार ठरतोच कसा? पगार, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), रजा, नोटीस पीरियड या सगळ्या वादांच्या मुळाशी हा मुद्दा तीस वर्षं पडून आहे. त्याचा निकाल वेळेवर न लागल्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर मिटायला हवे होते ते वाद आजारपणाच्या रजेत, राजीनाम्यांत आणि उच्च न्यायालयांत जाऊन पडले.

१९५३च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने विमान वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं नियमित प्रवासी सेवा सरकारी महामंडळांकडेच राहिली. या काळात वैमानिकांच्या दोन संघटना बळकट झाल्या. इंडियन एअरलाइन्समध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, म्हणजे आयसीपीए, आणि एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड. दोन्हींना व्यवस्थापनाची मान्यता होती, लेखी करार होते. कराराचं कलम मोडलं तर कोणाचं दार ठोठवायचं हे ठरलेलं होतं. १९९२च्या डिसेंबरात आयसीपीएचा लांबलेला संप झाला. सेवा चालू ठेवायला इंडियन एअरलाइन्सने परदेशी विमानं त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने घेतली. त्यातलं उझबेकिस्तानचं एक तुपोलेव्ह-१५४ विमान ९ जानेवारी १९९३ला दिल्लीत दाट धुक्यात उतरताना उलटलं आणि जळालं. सगळे प्रवासी वाचले, हे नशीबच. सरकारी कंपनीत संघटनेची ताकद किती होती आणि ती मोडायला व्यवस्थापन कुठवर जायला तयार होतं, दोन्ही त्यातून दिसलं.

नेमक्या याच सुमारास ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त आणि जेट या कंपन्या बाजारात उतरल्या. १९५३चा कायदा १९९४मध्ये रद्द झाला. नव्या कंपन्यांना तयार कॅप्टन हवे होते आणि ते एकाच ठिकाणी होते, सरकारी कंपन्यांत. जास्त पगारावर माणसं गेली, पण जाताना संघटना मागेच राहिली. खासगी कंपनीत प्रत्येकाचा करार वेगळा, एकट्याचा, बॉण्डसकट. १९९०च्या दशकात त्याचं फारसं कोणाला काही वाटलं नाही, कारण वैमानिकांचा तुटवडा होता आणि तुटवड्यात एकटा माणूसही चांगली घासाघीस करू शकतो.

कायद्याची बाजू इथे समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २(एस)मध्ये कामगाराची व्याख्या होती. हाताने करायचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा पर्यवेक्षणाचं काम करणारा माणूस त्यात बसायचा. पगाराची मर्यादा होती, पण ती फक्त पर्यवेक्षकाला लागू. आधी ती महिना १,६०० रुपये होती, २०१०मध्ये १०,००० झाली. तांत्रिक काम करणाऱ्याला मर्यादाच नव्हती. म्हणून कंपन्या म्हणत आल्या की कॅप्टन विमानाचा प्रमुख असतो, सहवैमानिक आणि केबिन क्रू त्याच्या हाताखाली असतात, तेव्हा तो पर्यवेक्षक. वैमानिकांचं म्हणणं असं की कॅप्टन कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाची बढती ठरवत नाही, कोणाला कामावरून काढू शकत नाही. तो विमान चालवतो, आणि ते काम तांत्रिक आहे. किंग एअरवेज या कंपनीच्या वैमानिकांच्या थकबाकीच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांची बाजू उचलून धरली आणि ते कामगारच असल्याचं मान्य केलं. असे निकाल येईपर्यंत मात्र वर्षं गेलेली असतात आणि माणूस तोवर दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो.

दुसरी अडचण मान्यतेची. १९२६च्या ट्रेड युनियन्स कायद्याखाली संघटना नोंदवता येत होती. २००१च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा कमी तो पुरायचा. पण नोंदलेल्या संघटनेशी बोललंच पाहिजे अशी सक्ती या कायद्याने कंपनीवर घातली नाही. महाराष्ट्राचा १९७१चा मान्यता कायदाही इथे कामाला येत नाही, कारण हवाई वाहतुकीसाठी ‘समुचित सरकार’ केंद्राचं. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा वादही केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडेच जातो.

या दोन्ही अडचणी २००९मध्ये जेट एअरवेजमध्ये एकदम समोर आल्या. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २००८मध्ये, जेटने सुमारे १,९०० जणांना कमी करण्याचं ठरवलं होतं. त्यांत मुख्यतः केबिन क्रू आणि जमिनीवरचे कर्मचारी. ती मुलं गणवेशातच राज ठाकरे यांच्याकडे गेली आणि एक-दोन दिवसांत अध्यक्ष नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. नोकऱ्या वाचल्या, पण त्या कराराने वाचल्या नव्हत्या, राजकीय दबावाने वाचल्या होत्या. वैमानिकांनी त्यातून धडा घेतला आणि नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची संघटना नोंदवली. कंपनीने संघटनेशी संबंधित दोघांना काढून टाकलं. गिल्डने संपाची नोटीस दिली.

प्रवासी हवाई वाहतूक ही १९४७च्या कायद्याने सार्वजनिक उपयोगिता सेवा होती. तिथे कलम २२प्रमाणे चौदा दिवसांची नोटीस लागायची. समेट अधिकाऱ्यासमोर बोलणी सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सात दिवस संप बेकायदा ठरतो. नोटीस मिळाली की समेटाची कारवाई सुरू होते, म्हणजे नोटीस देताच तिचा वापर अडतो. जेटच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानेही संपाला मनाई केली. ८ सप्टेंबर २००९पासून वैमानिकांनी संप केला नाही. ते शेकड्यांनी आजारी पडले. पाच दिवस रोज मोठ्या संख्येने उड्डाणं रद्द होत राहिली, न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली, आणि शेवटी काढून टाकलेल्या वैमानिकांना परत घेण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं.

आजारपणाची रजा हे हत्यार एवढं चालतं कसं? प्रकृती ठीक नसताना उडायचं नाही, हे वैमानिकावर नियमानेच बंधन आहे, त्यामुळे ‘मी फिट नाही’ या वाक्याला ऑपरेशन्समधला माणूस त्या क्षणी उत्तर देऊ शकत नाही. प्रत्येक तळावर काही जण स्टँडबाय, म्हणजे राखीव, ठेवलेले असतात, पण ते रोजच्या सर्दी-तापाला पुरतील एवढेच. शिवाय वैमानिक विमानाच्या प्रकाराशी बांधलेला असतो. बोइंग ७३७चा कॅप्टन एटीआर हे छोटं विमान उडवू शकत नाही. पहाटेच्या पहिल्या फेरीचे दहा कॅप्टन गळाले की स्टँडबाय सकाळी आठलाच संपतात. मग उशिरा सुटलेल्या विमानांवरच्या क्रूचे ड्यूटीचे तास संपायला लागतात, आणि दुपारनंतर धडधाकट माणसंही कायद्याने उडू शकत नाहीत. आजारी माणसांमुळे पडतात त्याहून जास्त उड्डाणं या साखळीमुळे पडतात.

सरकारने या काळात दुसरीकडून दोर आवळला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या राजीनाम्यासाठी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली होती. ऑगस्ट २०१७मध्ये कॅप्टनसाठी ती एक वर्ष झाली, सहवैमानिकासाठी सहा महिनेच राहिली. जुन्या कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळाल्याशिवाय नवी कंपनी घेत नाही. नोटीस न देता सोडून गेल्याने उड्डाणं रद्द झाली तर ते सार्वजनिक हिताविरुद्धचं कृत्य मानलं जाईल, असं त्या नियमात लिहिलं आहे. एका पेशाच्या खासगी नोकरीचा नोटीस पीरियड सरकारी नियामकाने ठरवावा, हे जरा विचित्रच. विमानाची सुरक्षा पाहायचं काम ज्याचं, तो इथे मजूरपुरवठा सांभाळत बसला. २०२३मध्ये अकासा एअरचे चाळीसच्या वर वैमानिक नोटीस पीरियड न भरता गेले, तेव्हा कंपनी भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली. इथेही वाद एकेकाच्या कराराचा होता. दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं सामूहिक असं काही नव्हतं.

नोटीस पीरियड एका बाजूलाच कसा बांधून ठेवतो, हे बुडत्या कंपन्यांत कळलं. किंगफिशरने पगार महिनोन्‌महिने थकवले, ऑक्टोबर २०१२मध्ये तिचा परवाना निलंबित झाला. जेटमध्ये २०१९च्या सुरुवातीपासून वैमानिकांचे पगार अडले. गिल्डने १ एप्रिलपासून ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ असं ठरवलं, ते १५ एप्रिलवर ढकललं, आणि १७ एप्रिलला कंपनीचं शेवटचं उड्डाण झालं. पगाराच्या रांगेत तारण घेऊन कर्ज देणारे पुढे आणि कर्मचारी मागे, हा अनुभव त्या पिढीच्या वैमानिकांच्या अंगात मुरला आहे.

पगाराची रचना हा पुढचा विषय, आणि संघटनांच्या बैठकीत सर्वांत जास्त आवाज इथेच चढतो. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून पोचून उभं राहीपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक अवर्स. कंपनी काही तासांची हमी देते. तेवढं उडणं झालं नाही तरी तेवढे पैसे मिळतात. विस्तारा या विमान कंपनीत ही हमी ७० तासांची होती. एअर इंडियात विलीन होताना नव्या करारात ती ४० तासांवर आणली. समजा एखाद्या सहवैमानिकाला महिन्याला ५५ तास मिळतात. जुन्या रचनेत त्याचे ७० तासांचे पैसे पक्के. नव्या रचनेत ४० पक्के, वरचे १५ उडाल्यावर. रोस्टर बनवणाऱ्याने पुढच्या महिन्यात कमी तास लावले, तर वरचेही गेले. नव्या सहवैमानिकांना त्याचा फटका जास्त, कारण त्यांच्या डोक्यावर प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते असतात. या वादात मार्चअखेर आणि एप्रिल २०२४मध्ये विस्ताराची उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि कंपनीला रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली. त्याआधी वर्षभर एअर इंडियातही नव्या वेतनरचनेवर असाच वाद झाला होता. दीड हजारांहून जास्त वैमानिकांनी थेट रतन टाटांना निवेदन पाठवलं. जुन्या दोन्ही संघटनांची मान्यता सरकारी व्यवस्थापनाने २०११ आणि २०१२च्या संपांच्या वेळीच काढून घेतली होती.

करार नसलेल्या ठिकाणी कामाच्या तासांबद्दल बोलायला एकच जागा उरते, डीजीसीएचा ड्यूटी आणि विश्रांतीचा नियम. व्यवहारात त्याला एफडीटीएल म्हणतात. १९९२च्या परिपत्रकाच्या जागी २००७मध्ये कडक नियम आला, कंपन्यांनी हरकत घेतली आणि २००८मध्ये तो स्थगित करून जुनंच परिपत्रक परत लागू केलं गेलं. वैमानिक संघटना न्यायालयात गेल्या. मे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. त्याच वर्षी नवे नियम आले. पुढचा टप्पा ऑगस्ट २०२३नंतरचा. १७ ऑगस्टला नागपूर विमानतळावर, पुण्याच्या उड्डाणाआधी, इंडिगोचा एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं. थकव्याची चर्चा त्यानंतर दाबता येण्यासारखी राहिली नाही.

८ जानेवारी २०२४च्या नियमाने आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीत मोडणाऱ्या ड्यूटीत जास्तीत जास्त दोन लँडिंग ठेवली. आधी सहा लँडिंगपर्यंत चालत. एक तासाची ही वाढ कागदावर किरकोळ दिसते. पण सव्वापाचला रिपोर्टिंग करणारा क्रू आधी दिवसाच्या हिशेबात येत होता आणि लहान मार्गांवर चार लँडिंग करू शकत होता. आता तो रात्रीत मोडतो, दोन लँडिंगनंतर बदलायला दुसरा क्रू लागतो. पहाटेच्या लाटेवर आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीवर ज्या कंपनीचा धंदा उभा आहे, तिला हे सर्वांत महाग पडणार हे गणित कोणालाही करता आलं असतं. नियम १ जून २०२४पासून लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलला गेला. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि तिथे दोन टप्पे ठरले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५.

म्हणजे कंपन्यांना तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. तरी डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. डीजीसीएने त्याच दिवशी आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा मोजायची नाही हे कलम मागे घेतलं आणि रात्रीच्या तरतुदींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. संघटनांचा संताप या सुटीवर होता, आणि तो रास्त होता. नियम पाळायला वैमानिक कमी पडले, तर नियम सैल झाला.

या गोंधळाच्या दोन आठवडे आधी, २१ नोव्हेंबरला, नव्या श्रमसंहिता लागू झाल्या होत्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सदस्य असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार आहे. वैमानिकांना एवढ्या वर्षांत न मिळालेली गोष्ट ती हीच. मात्र पर्यवेक्षकाची मर्यादा महिना १८,००० रुपयेच आहे, म्हणजे कॅप्टन पर्यवेक्षक की तांत्रिक कामगार हा वाद कायम. आणि संपाच्या व्याख्येत नवी भर पडली आहे: निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एका दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही संप. कलमात शब्द किरकोळ रजेचा आहे, आजारपणाच्या रजेचा नाही. पुढचा मोठा वाद उभा राहील तेव्हा दोन्ही बाजूंचे वकील याच शब्दावर भांडतील.