टपालाने आलेली दीक्षा: अमेरिकेत लग्न लावण्याचा अधिकार कोणाला?

अमेरिकेत लग्न लावायला पाद्रीच लागतो असे नाही. न्यायाधीश चालतो, काही राज्यांत नोटरी चालतो आणि गेल्या काही दशकांत नवरानवरीचा मित्र, मावशी किंवा ऑफिसातला सहकारीही चालू लागला आहे. हा मित्र लग्नाच्या आधी एखाद्या संकेतस्थळावर नाव-पत्ता भरतो, फुकटात ‘मिनिस्टर’ म्हणजे धर्मगुरू होतो आणि मॅरेज लायसन्सवर लग्न लावणारा म्हणून सही करतो. त्या सहीकडे सहसा पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. पाहिले जाते ते घटस्फोटात, वारसाच्या भांडणात, नाहीतर फौजदारी खटल्यात. मग कोर्टाला ठरवावे लागते, की तो माणूस खरोखर धर्मगुरू होता का. आणि सरकारने धर्मात पडू नये, असे त्या देशाची राज्यघटना सांगते.

या गुंत्याची मुळे इंग्लंडमध्ये आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास झटपट लग्नांचा बाजार भरत असे. हा कर्जबाजाऱ्यांचा तुरुंग. कर्जात बुडालेले पाद्री तिथल्या दारूच्या गुत्त्यांत बसून चार पैशांसाठी कोणाचेही लग्न लावत, मागितली तर मागची तारीखही घालून देत. त्यातले बरेचसे रीतसर दीक्षा घेतलेले होते, काही निव्वळ भोंदू. पण परस्परसंमती असली की लग्न पक्के, हा जुना नियम असल्याने ही लग्ने खोटी ठरवणे अवघड जाई. श्रीमंत घरांतल्या वारस मुली अशा रीतीने पळवल्या जाऊ लागल्या, तेव्हा पार्लमेंटला जाग आली. १७५३च्या हार्डविक कायद्याने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये, आधी जाहीर पुकार करून किंवा परवाना घेऊन लावलेले लग्नच वैध ठरवले. सूट मिळाली फक्त क्वेकर या ख्रिस्ती पंथाला आणि ज्यूंना. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता. म्हणून सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या खेड्यात पळून आलेल्या जोडप्यांची रीघ लागली. तिथे ऐरणीपुढे उभे राहून दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटले की काम झाले. १८५६मध्ये स्कॉटलंडात २१ दिवस राहण्याची अट आली, तरी ही पद्धत पूर्ण बंद व्हायला १९४० उजाडले.

अमेरिकेतल्या वसाहतींनी या वारशातून आपापल्या सोयीचे उचलले. न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी लग्न हा दिवाणी व्यवहार मानून ते मॅजिस्ट्रेटकडे दिले. व्हर्जिनियात स्वातंत्र्ययुद्धापर्यंत मक्तेदारी अँग्लिकन पाद्र्यांची होती. पुढे लग्नाचा कायदा राज्याराज्यांच्या हाती राहिला आणि ढाचा साधारण एकच बनला: काउंटीच्या क्लार्ककडून लायसन्स घ्यायचे, अधिकार असलेल्या माणसाकडून लग्न लावून घ्यायचे आणि त्याने सही केलेला कागद परत जमा करायचा. अधिकार असलेल्यांच्या यादीत ‘मिनिस्टर ऑफ द गॉस्पेल’ सगळीकडे होताच. तो कोण, हे वेगळे लिहायची कोणाला गरज वाटली नाही. गावात चर्च होते, चर्चमध्ये पाद्री होता. १८७७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मायस्टर विरुद्ध मूर या खटल्यात सांगितले, की पाद्र्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर लग्न लावा असे कायदा म्हणतो तो मार्गदर्शनापुरता. तसे न केल्यास लग्न रद्द, असे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर लग्न टिकते. हा उदार दृष्टिकोन सगळ्या राज्यांनी स्वीकारला मात्र नाही.

मग आले कर्बी हेन्सली. १९११मध्ये नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला हा बॅप्टिस्ट प्रवचनकार. त्याला लिहितावाचता येत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी त्याने आपल्या गॅरेजात चर्च सुरू केले आणि १९६२मध्ये ‘युनिव्हर्सल लाइफ चर्च’ या नावाने त्याची नोंदणी केली. सिद्धांत एकच: जे योग्य असेल ते करा. योग्य काय, ते ज्याचे त्याने ठरवायचे. मागेल त्याला टपालाने दीक्षा, विनामूल्य, आयुष्यभरासाठी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात पाद्री झाल्यावर सक्तीची सैन्यभरती टळेल या आशेने कॉलेजातली मुले रांगा लावू लागली. करचुकव्यांनाही वास लागला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरातल्या हार्डनबर्ग गावातल्या बहुतेक घरमालकांनी या चर्चची दीक्षा घेतली आणि आपली घरे धर्मस्थळे ठरवून मालमत्ता करातून सूट मागितली. यातला वैताग समजून घेतल्याशिवाय त्या काळच्या निकालांतला तिखटपणा कळत नाही. न्यायाधीशांपुढे लग्नाची फाइल असे, पण मनात हे सगळे असे.

तसे पाहता हेन्सलीला पहिला मोठा विजय करखात्याविरुद्धच मिळाला. १९७४मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात न्यायाधीश जेम्स बॅटिन यांनी चर्चच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की एखाद्या धर्माचे खरेखोटेपण तपासणे हे न्यायालयाचे किंवा सरकारच्या कुठल्याच शाखेचे काम नाही.

त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र उलटी दिशा घेतली. तिथे धर्मगुरूला लग्ने लावण्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. क्रेमर खटल्यात न्यायालयाचा युक्तिवाद असा, की ज्या चर्चमध्ये प्रत्येक जण पाद्री आहे आणि नवा येणाराही तत्काळ पाद्री होतो, त्या चर्चमध्ये कायद्याला अभिप्रेत असलेला पाद्री कोणीच नाही. युक्तिवाद चलाख आहे, पण मला तो पटत नाही. क्वेकरांकडे तर पाद्री हे पदच नाही, तरी त्यांची लग्ने कायद्याने शतकानुशतके मानली; पेनसिल्व्हेनियात त्यांच्यामुळेच जोडप्याने स्वतः सही करायचे वेगळे लायसन्स आहे. म्हणजे हरकत पाद्री कमी-जास्त असण्याला नव्हती, धर्म पोरकट वाटण्याला होती.

नॉर्थ कॅरोलिनातला १९८०चा लिंच खटला त्याहून मासलेवाईक. आरोपीवर द्विभार्या प्रतिबंधाखाली खटला होता: पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न. बचाव असा, की पहिले लग्न मुळात झालेच नव्हते, कारण ते लावणारा पाद्री नव्हताच. तो होता टपालाने माल विकण्याचा धंदा करणारा एक रोमन कॅथलिक गृहस्थ. त्याने दहा डॉलर देऊन युनिव्हर्सल लाइफ चर्चचे प्रमाणपत्र मागवले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बचाव मान्य केला, शिक्षा रद्द केली आणि निकालपत्रात चर्चचे नाव लिहून पुढे ‘ते जे काय असेल ते’ असा शेराही मारला. आरोपी सुटला, पण त्या राज्यात अशा पाद्र्यांकडून लग्न लावून घेतलेली इतर जोडपी रातोरात अधांतरी लटकली. विधिमंडळाने पुढच्याच वर्षी दुरुस्ती केली: या चर्चच्या मिनिस्टरांनी ३ जुलै १९८१पूर्वी लावलेली लग्ने, कोर्टाने आधीच रद्द केलेली नसतील तर, वैध. त्या तारखेनंतरच्या लग्नांचे काय, हे कायद्याने सोयीस्करपणे सांगितले नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे भाऊराव लोखंडे खटला आठवेल. १९६५मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या लग्नाच्या आरोपातून एकाला सोडले. पण तिथे मुद्दा लग्न लावणाऱ्याचा नव्हता, विधींचा होता. होम आणि सप्तपदी झाली नव्हती आणि ती वगळण्याची रूढीही सिद्ध झाली नव्हती. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात रूढीप्रमाणे विधी करा एवढेच म्हटले आहे, पुरोहिताचा उल्लेखच नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३पासून भटजीविना लग्ने लावली, तेव्हाही ग्रामजोश्यांची तक्रार प्रामुख्याने बुडालेल्या दक्षिणेची होती. न बोलावता मोबदला मागण्याचा त्यांचा वतनी हक्क मुंबई इलाख्यात १९२६च्या कायद्याने गेला. याउलट आपल्याच १८७२च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यात अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

न्यूयॉर्कमध्ये पाद्री म्हणजे कोण याची व्याख्या कायद्यात आहे: आपल्या पंथाच्या नियंत्रक मंडळाने नेमलेला, किंवा मंडळींनी निवडलेला. त्या व्याख्येवर बोट ठेवून तिथल्या न्यायालयांनी १९७२मध्ये आणि पुन्हा १९८९मध्ये युनिव्हर्सल लाइफच्या मिनिस्टरांनी लावलेली लग्ने रद्दबातल ठरवली. हीच व्याख्या हिंदूंनाही अडचणीची, कारण गुरुजींना नेमणारे मंडळ आपल्याकडे कुठे असते? अमेरिकेतले कितीतरी मराठी गुरुजी आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी सत्यनारायण, मुंजी, लग्ने लावतात. २००१मध्ये क्वीन्समधल्या एका खटल्यात नवऱ्याने हाच पवित्रा घेतला: लायसन्स नव्हते, लग्न लावणाऱ्या पंडितांना अधिकार नव्हता, तो नुसता पूजाविधी होता. न्यायालयाने त्याचे ऐकले नाही. हिंदू पद्धतीने साक्षीदारांसमोर लागलेले लग्न वैध ठरले.

१९८०च्या दशकापासून पारडे हळूहळू दुसरीकडे झुकू लागले. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये एका मृत्युपत्राच्या वादात असे लग्न मान्य केले. हे निकाल सलग वाचले की एक गोष्ट जाणवते: धर्मशास्त्राची भाषा वर वर असते, खाली कोर्ट बघत असते की लग्न मोडीत काढल्यास मार कोणाला बसेल. नॉर्थ कॅरोलिनातच २००६मध्ये एका नवऱ्याला लग्न अवैध म्हणून सांगू दिले नाही, कारण त्याने बायकोची मुलगी दत्तक घेताना अर्जात आपण विवाहित असल्याचे लिहून दिले होते.

इंटरनेट आल्यावर दीक्षा दोन मिनिटांवर आली. हेन्सली १९९९मध्ये वारला. पुढे चर्चमध्ये फूट पडून सिएटलची ‘युनिव्हर्सल लाइफ चर्च मोनॅस्टरी’ वेगळी झाली आणि तिनेच ऑनलाइन पसारा वाढवला. २००१मध्ये युटाने टपालाने किंवा इंटरनेटवरून दीक्षा घेतलेल्यांना बंदी घातली. पुढच्याच वर्षी फेडरल कोर्टाने ती उडवली: फोनवरून किंवा फॅक्सने दीक्षा चालते आणि संगणकावरून चालत नाही, याला तर्क काय? पेनसिल्व्हेनियात २००७मध्ये यॉर्क काउंटीच्या न्यायाधीशाने एक लग्न रद्द केल्यावर घबराट पसरली. काही कार्यालयांनी जोडप्यांना पुन्हा लग्न लावून घेण्याचा सल्ला दिला. २००८मध्ये बक्स काउंटीच्या न्यायाधीशाने बरोबर उलटा निकाल दिला. टेनेसीने २०१९मध्ये पुन्हा ऑनलाइन दीक्षेवर बंदी आणली, ती लगेच कोर्टात अडकली.

राज्यांना एव्हाना कळले होते, की पाद्री कोण हे ठरवण्यापेक्षा मित्राला सरकारी अधिकार देणे सोपे. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर एका दिवसापुरता लग्न लावण्याचा अधिकार देतात, कॅलिफोर्नियाच्या अनेक काउंट्यांत एका दिवसाचा उपविवाह-अधिकारी होता येते. इतकी वर्षे अडून बसलेल्या न्यूयॉर्कनेही २०२३पासून २५ डॉलर फीमध्ये एकदिवसीय परवाना सुरू केला. कोलोरॅडोत तर कोणीच नको, जोडपे स्वतःच सही करते.

अलाबामा सगळ्यांच्या पुढे गेले, पण कारण अगदी वेगळे होते. २०१५मध्ये समलिंगी विवाहांना देशभर मान्यता मिळाल्यावर तिथल्या काही प्रोबेट न्यायाधीशांना (वारसा आणि विवाहनोंदी पाहणाऱ्या) अशा जोडप्यांच्या नावे लायसन्स काढायचे नव्हते. वाद मिटवण्यासाठी विधिमंडळाने लायसन्सच रद्द केले. ऑगस्ट २०१९पासून तिथे जोडप्याने छापील नमुना भरायचा, नोटरीसमोर सह्या करायच्या आणि तीस दिवसांच्या आत प्रोबेट कार्यालयात नोंदवायचा. लग्न लावणाऱ्याच्या सहीसाठी त्या नमुन्यात जागाच नाही.