एएमटी गिअरबॉक्स (छोट्या शहरी गाड्यांतील)

एएमटी म्हणजे ‘ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन’. गिअरबॉक्स नेहमीचा, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्र करते. सोलापुरात तिला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, कधी ‘बिनक्लचची गाडी’. दुसरे नाव साफ चुकीचे आहे. क्लच जागच्या जागी असतो, गायब होते ते त्याचे पेडल. या गाडीचे बहुतेक गुण आणि बहुतेक खोड्या एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

मॅन्युअल गाडीत डावा पाय क्लच दाबून इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत करतो, डावा हात गिअर बदलतो आणि पाय हळूहळू सोडला की प्लेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, पुन्हा चिकटते. फिरते दाते न खरखरता एकमेकांत बसावेत म्हणून लागणारी सिंक्रोमेश रचना १९२८मध्ये कॅडिलॅकने प्रथम गाडीत आणली. त्याआधी गिअर टाकणे हे कसबच होते. एएमटीमध्ये हाच क्रम एक संगणकीय नियंत्रक चालवतो. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि उजवा पाय किती दाबला आहे हे पाहून तो ॲक्सिलरेटर क्षणभर सोडल्यासारखे करतो, क्लच उघडतो, गिअर बदलतो आणि क्लच मिटतो. हे हलवण्याचे काम काही गाड्यांत तेलाच्या दाबाने होते, काहींत विजेच्या मोटरने. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गाडीचे चालकाकडचे दार उघडताच बॉनेटखालून बारीक घरघर ऐकू येते. नवा मालक पहिल्या दिवशी हमखास दचकतो. तो पंप दाब भरून घेत असतो, बिघाड नव्हे.

गिअर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद तेवढ्यापुरती तुटते. म्हणून अंग किंचित पुढे जाते आणि परत मागे टेकते. मॅन्युअलमध्येही ती तुटतेच, पण तेव्हा पाय आपला असल्याने शरीर आधीच तयार असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे प्लेटऐवजी तेलातून ताकद पुढे नेणाऱ्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये किंवा ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटीत हा झोका जवळपास नसतो, पण त्या यंत्रणा जड आणि महाग. एएमटीचा जादा खर्च छोट्या गाडीत साधारण पन्नास हजारांच्या आसपास बसतो.

कल्पना जुनी आहे. जपानच्या इसुझुने १९८४मध्ये ‘नाव्ही-५’ नावाचा असा गिअरबॉक्स विक्रीला आणला होता. पुढे १९८९मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने तिच्यावर ब्राझीलची शर्यत जिंकली. १९९७च्या फेरारी एफ३५५मध्ये ही यंत्रणा रस्त्यावरच्या गाडीत आली. ती मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची होती. त्याच कंपनीची एएमटी फेब्रुवारी २०१४मध्ये मारुती सेलेरिओतून भारतात आली. शर्यतीत वेगासाठी घडलेली गोष्ट आपल्याकडे पेठेतल्या कोंडीसाठी कामी यावी, यात गंमत आहेच. सेलेरिओच्या मॅन्युअल आणि एएमटी या दोन्ही रूपांचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३.१ किलोमीटर असे एकच होते, आणि ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ ही समजूत तिथेच ढिली पडली. त्यानंतर अल्टो के१०, वॅगन आर, नॅनो, क्विड, टियागो, सँट्रो अशी रांग लागली. प्रत्येक कंपनीने नाव वेगळे दिले, आतले तत्त्व एकच. २०२४मध्ये टियागोच्या सीएनजी रूपातही एएमटी आली.

सोलापूर शहर बरेचसे सपाट आहे, आणि ही बाब एएमटीच्या पथ्यावर पडते. टिळक चौकातून मधल्या मारुतीच्या देवळाकडे किंवा नवी पेठेतून सायंकाळी जाताना मॅन्युअल गाडी पहिला, दुसरा, पुन्हा पहिला एवढ्यातच अडकते. समोर हातगाडी, बाजूने रिक्षा, मध्येच आडवी येणारी दुचाकी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास तर पायाला उसंत नसते. अशा वेळी डाव्या पायाचा वाचलेला त्रास हा एएमटीचा सर्वांत मोठा नफा. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकू लागते, याला ‘क्रीप’ म्हणतात. २०१६च्या पहिल्या क्विड एएमटीत ही सोय नव्हती आणि दोन वर्षांनी ती द्यावी लागली, यावरून तिची गरज समजावी.

पण क्रीप म्हणजे काय, हे बहुतेकांना सांगितले जात नाही. ते यंत्राने केलेले हाफ क्लच आहे. प्लेट थोडी चिकटते, थोडी घसरते आणि तापते. पुलाच्या चढावर गाड्यांची रांग थांबली असताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर कोरडी प्लेट मिनिटाभरात जळका वास देऊ लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला आणि एसी चालू असताना तर अधिकच. मॅन्युअल चालवणाऱ्याला हा वास ओळखीचा असतो, कारण चूक त्याच्याच पायाने झालेली असते. एएमटीवाला मात्र ‘ऑटोमॅटिकला कसला क्लच’ म्हणून बसून राहतो. उपाय सोपा आहे: थांबायचे तर ब्रेक दाबा, चढावर निघताना हँडब्रेक वापरा.

शहराबाहेर चित्र बदलते. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर. तिथे पोचताना बालाघाटाचा चढ लागतो आणि भरलेली छोटी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या सीमेवर येते. नियंत्रकाला पुढचे वळण दिसत नाही, त्याला फक्त आत्ताचे आकडे कळतात. तो वरचा गिअर टाकतो, गाडी दमते, तो परत खालचा टाकतो. इथे दांडी ‘एम’मध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या खाचेत, घेऊन दुसरा गिअर धरून ठेवावा. उतरतानाही तसेच, म्हणजे इंजिन गाडीला रोखते आणि ब्रेक तापत नाहीत. गळिताच्या हंगामात पंढरपूर, अकलूजच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर लागतात. त्यांना ओलांडताना पाय एकदम दाबला की एएमटी आधी विचार करते, मग गिअर उतरवते, मग पळते. मॅन्युअलवाला तोवर ट्रॅक्टरच्या पुढे गेलेला असतो. ओलांडण्याआधीच हाताने गिअर उतरवला तर हा फरक बराचसा मिटतो. एएमटी विकणारे हे क्वचितच दाखवतात. माझ्या मते विक्रीच्या वेळी दाखवायची हीच पहिली गोष्ट असायला हवी.

रोज पेठेत आणि महिन्यातून एकदा अक्कलकोटला जाणाऱ्या कुटुंबाला एएमटी सोयीची. रोज ग्रामीण भागात फिरणाऱ्या माणसाने मॅन्युअलच घ्यावी. याचे कारण चालवण्यापेक्षा दुरुस्तीत अधिक आहे. मॅन्युअलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग कोणताही जाणता मेकॅनिक बदलतो. एएमटीत प्लेट बदलल्यावर ती नेमकी कुठे चिकटते हे नियंत्रकाला स्कॅनर लावून नव्याने शिकवावे लागते. हे न केल्यास नव्या प्लेटवरही गाडी झटके देते आणि मालक गिअरबॉक्सला दोष देत राहतो. बॅटरी उतरली तर एएमटी धक्का मारून चालू होत नाही. गिअरमध्ये उभी असताना उतरली तर न्यूट्रलही येत नाही, मग ताकद मिळणारी चाके (बहुतेक गाड्यांत पुढची) उचलूनच ओढावी लागते. बऱ्याच छोट्या एएमटी गाड्यांत ‘पी’ म्हणजे पार्किंगचा खटका नसतो. गाडी गिअरमध्ये बंद करून हँडब्रेक ओढतात.

जुनी एएमटी गाडी पाहताना सपाट रस्त्यावर फेरी मारून भागत नाही. इंजिन नीट तापू द्यावे, मग चढावर थांबवून पुन्हा निघावे आणि गर्दीत दहा-पंधरा मिनिटे सरकत चालवावे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दरवेळी एकसारखा झोका बसत असेल तर तो तिचा स्वभाव. कधी मऊ, कधी दणका, असे होत असेल तर प्लेट संपत आली आहे किंवा दाबाच्या तेलात काही बिघडले आहे, असे समजून किंमत बोलावी.